ड्रिल मशीनचा चक आणि आर्बर बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या शेडमध्ये, फॅब्रिकेशनच्या दुकानात किंवा छोट्या जॉब शॉपमध्ये बेंच ड्रिल किंवा पिलर ड्रिल चालवणाऱ्यांसाठी हे पान आहे. चक खराब झाला म्हणून नवा आणायचा, तोही महिन्याभरात डुगडुगायला लागला की दुकानदाराला दोष द्यायचा, असं वर्षानुवर्षं बघत आलोय. बहुतेक वेळा चकाचा त्यात काही गुन्हा नसतो. दोष असतो टेपरवरच्या, म्हणजे एका टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या भागावरच्या, घाणीत नाहीतर न जुळणाऱ्या जोडीत. म्हणून खाली चकापेक्षा टेपरबद्दलच जास्त लिहिलं आहे.

चक, आर्बर आणि स्पिंडल यांचं नातं नेमकं काय?

फिरतो तो स्पिंडल. बिट पकडतो तो चक. या दोघांना जोडणारा पोलादी तुकडा म्हणजे आर्बर. आर्बरच्या दोन्ही टोकांना टेपर असतो: वरचा लांब टेपर स्पिंडलमध्ये जातो, खालचा आखूड टेपर चकाच्या मागच्या भोकात. वरच्या टोकाला जी चपटी जीभ दिसते तिला टँग म्हणतात.

ना स्क्रू, ना पिन. मग हे सगळं पडत कसं नाही?

वरचा टेपर मोर्स जातीचा असतो. त्याचा उतार साधारण वीसास एक, म्हणजे २० मिमी लांबीत व्यास १ मिमीने कमी होतो. एका बाजूचा कोन दीड अंशाच्याही आत येतो. इतक्या सौम्य उतारावर पोलाद पोलादात दाबलं की घर्षणच त्याला धरून ठेवतं. भोक पाडताना आपण खाली दाब देतो तेव्हा टेपर आणखी आत बसतो, म्हणजे कामच त्याला घट्ट करतं. पण ही पकड दोन्ही पृष्ठभाग पूर्ण लांबीभर एकमेकांना टेकले तरच मिळते. मध्ये केसाएवढा बुरा आला की टेपर तेवढ्या एका जागी टेकतो आणि बाकी सगळा अधांतरी राहतो.

टँग आर्बरला फिरवतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. फिरवण्याचं काम टेपरचं, टँग मुख्यतः आर्बर बाहेर काढायच्या कामी येतो.

माझ्या मशीनला कुठला टेपर आहे हे कसं ओळखायचं?

आधी विजेचा प्लग काढा. मग हँडल फिरवून क्विल, म्हणजे स्पिंडलला पोटात घेऊन खाली-वर होणारी नळी, पूर्ण खाली घ्या आणि तिच्या अंगावर उभट आरपार खाच आहे का बघा. असेल तर स्पिंडलमध्ये मोर्स टेपर (एमटी) आहे. आर्बर काढून त्याचा जाड टोकाचा व्यास व्हर्निअरने मोजा: १२ मिमीच्या आसपास आला तर एमटी १, १७.८ च्या आसपास एमटी २, २३.८ च्या आसपास एमटी ३. आपल्याकडच्या २० आणि २५ मिमीच्या पिलर ड्रिलवर बहुधा एमटी २ किंवा एमटी ३ सापडतो.

खाच नसेल तर छोट्या बेंच ड्रिलसारखा स्पिंडलच्या टोकावरच टेपर असतो आणि चक थेट त्यावर बसतो. तिथे वेगळा आर्बर नसतोच. काही हलक्या मशीनवर हँड ड्रिलसारखी चूडी असते. अशा वेळी चकाचे जबडे पूर्ण उघडून आत बघा. तळाशी स्क्रू दिसला तर तो बहुतेक उलट्या चूडीचा असतो, आधी तो काढल्याशिवाय चक सुटणार नाही.

दुकानदार विचारतो, "जेटी सहा की बी सोळा?" काय सांगू?

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जा नाहीतर गावातल्या टूल्सच्या दुकानात, तेरा एमएमचा चक मागितला की हा प्रश्न येणारच. तेरा एमएम ही चकाची पकडायची क्षमता झाली. त्याच्या मागच्या भोकाचा टेपर ही वेगळी गोष्ट आहे, आणि खरा घोळ तिथेच होतो.

'जेटी' म्हणजे जेकब्ज टेपर, इंचाच्या जमान्यातला. 'बी' म्हणजे जर्मन डीआयएन २३८ मानकातला टेपर, जो मोर्स टेपरचाच एक आखूड तुकडा आहे. बी १६ आणि बी १८ हे एमटी २ च्या उताराचे, बी १० आणि बी १२ हे एमटी १ च्या उताराचे. जाड टोकाचे व्यास असे:

बी १२: १२.०७ मिमी
बी १६: १५.७३ मिमी
बी १८: १७.७८ मिमी
जेटी ३३: १५.८५ मिमी
जेटी ६: १७.१७ मिमी

आता बी १६ आणि जेटी ३३ यांच्याकडे बघा. फरक जेमतेम ०.१२ मिमी. हातात घेतले तर सख्खे भाऊ वाटतात. पण जेटी ३३ चा उतार साधारण १५.७५ ला १ आहे, बी १६ चा २० ला १. जेटी ३३ चा आर्बर बी १६ च्या चकात घातला तर तो आत जातो, ठोकला की अडकतोही, आणि आपल्याला वाटतं बसला. प्रत्यक्षात तो फक्त चकाच्या तोंडाशी एका कड्यावर टेकलेला असतो, आतलं टोक मोकळं. उलटी जोडी लावली, म्हणजे बी १६ चा आर्बर जेटी ३३ च्या चकात, तर आतलं टोक टेकतं आणि तोंडाशी पाव मिमीहून जास्त फट राहते. दोन्ही प्रकारांत चक पहिल्या दिवसापासून आउट मारतो, म्हणजे मध्य सोडून डुलत फिरतो, आणि काही दिवसांत निखळतो.

जेटी ६ च्या बाबतीत ही फसवणूक होत नाही. त्याचं बारीक टोकच १५.८५ मिमी असतं, ते बी १६ च्या भोकात शिरतच नाही.

तेव्हा जुना चक खिशात घालून दुकानात जाऊ नका. आर्बर घेऊन जा, सोबत व्हर्निअर न्या, आणि जाड टोक, बारीक टोक, लांबी ही तिन्ही मापं लिहून न्या. दोन व्यासांतला फरक आणि मधली लांबी हाताशी असली की उतार तिथल्या तिथे काढता येतो. चकाच्या अंगावर टेपरचा नंबर कोरलेला असतो, तोही स्वतः वाचा. खोक्यावरच्या छापावर विसंबू नका.

फक्त चक बदलू की आर्बरही?

माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही. चकाच्या किमतीच्या मानाने आर्बर स्वस्त पडतो, आणि जुन्या आर्बरच्या टेपरवर जुन्या चकाने पाडलेल्या खुणा नव्या चकाचंही नुकसान करतात. शिवाय जुन्या आर्बरवरून चक उतरवायची खटपट वाचते. जुना आर्बर चांगल्या प्रतीचा असेल आणि नख फिरवल्यावर कुठे अडकत नसेल, तर मात्र तो जरूर ठेवा.

आर्बर स्पिंडलमधून काढायचा कसा?

ड्रिफ्टने. ड्रिफ्ट म्हणजे चपटी पोलादी पाचर, टूल्सच्या दुकानात नंबराप्रमाणे मिळते. एमटी १ आणि एमटी २ ला एकच चालतो, एमटी ३ ला मोठा घ्यावा लागतो.

प्लग काढून क्विल खाली घ्या आणि लॉक करा. चक हाताने फिरवत राहा, क्विलची खाच आणि आतल्या स्पिंडलची खाच एका रेषेत आल्या की पलीकडचा उजेड दिसतो. टेबल वर आणून चकाच्या खाली दोन बोटांचं अंतर ठेवा आणि टेबलावर लाकडाची फळी नि तिच्यावर जाड कापड अंथरा, कारण चक सुटतो तो एकदम.

आता ड्रिफ्टकडे नीट बघा. त्याची एक कड गोलसर असते, दुसरी सपाट. गोलसर कड वर, खाचेच्या गोल टोकाला लागली पाहिजे, आणि सपाट कड खाली टँगवर. उलटा घातला तर टँगला खड्डे पडतात. मग मध्यम हातोडीने एक नेमका ठोका. टक् असा कोरडा आवाज येतो आणि आर्बर खाली येतो.

स्क्रू ड्रायव्हर किंवा छिन्नी घालून हे काम करू नका. चकावर बाजूने हातोडा तर कधीच मारू नका. ड्रिफ्टचा जोर स्पिंडलची खाच आणि टँग यांच्यातच राहतो. बाजूचा घाव सरळ बेअरिंगवर जातो.

दहा ठोके मारले, हलत नाही. आता?

थांबा. खाचेतून टँगच्या बाजूने गंज सोडवणारं पातळ तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी ड्रिफ्ट ताणून बसवा आणि मग ठोका द्या. तरीही नाही, तर हॉट एअर गनने स्पिंडलचं टोक बाहेरून गरम करा, हाताला चटका लागेल इतपत, त्याहून जास्त नाही. गॅसचा टॉर्च लावू नका. बेअरिंगमधलं ग्रीस वितळून वाहतं, आणि मग चकाचं काम बाजूला राहून बेअरिंगचा खर्च उभा राहतो.

चक आर्बरवरून कसा उतरवायचा?

आर्बरला खांदा, म्हणजे दोन टेपरांच्या मध्ये जाड कडं, असेल तर वेजची जोडी वापरा. या दोन दुपाखी पाचरी असतात. चक आणि खांदा यांच्या मधल्या फटीत समोरासमोरून घालायच्या आणि व्हाइसमध्ये हळूहळू दाबायच्या. टेपरच्या नंबराप्रमाणे वेज येतात.

खांदा नसेल तर चकाचे जबडे पूर्ण उघडा आणि आत तळाच्या बरोब्बर मध्ये ७-८ मिमीचं भोक पाडा. पुष्कळ चकांना ते आधीच असतं. चकाचं अंग मध्यभागी मऊ असतं, त्यामुळे बिट सहज जातो, आर्बरचं टोक लागलं की अडतो. मग चक एखाद्या पाइपच्या तुकड्यावर टेकवून, त्या भोकातून पंच घालून आर्बर बाहेर ठोका. या भोकाने चकाचं काही बिघडत नाही.

स्पिंडलच्या टोकावर थेट बसलेला चकही वेजनेच निघतो. जुन्या काही मशीनवर चकाच्या वर चूडीचं कडं असतं, ते पान्याने खाली फिरवलं की तेच चकाला ढकलून काढतं. वेज शोधण्याआधी ते आहे का बघा.

बसवताना टेपरला तेल किंवा ग्रीस लावावं का? गंज चढू नये म्हणून?

नाही. थेंबभरही नाही. पकड घर्षणाची आहे, आणि तेल घर्षणच काढून घेतं. नव्या आर्बरवर कारखान्यातून आलेलं गंजरोधक चिकट तेल असतं, ते थिनरने पूर्ण पुसा. चकाच्या भोकातही तेच असतं आणि तिथेच लोक विसरतात.

बसवण्याची नीट पद्धत सांगा.

एका काठीला स्वच्छ सुती कापड गुंडाळा, थिनरमध्ये बुडवा आणि स्पिंडलचं भोक आतून पुसा. कापड काळं येणं थांबेपर्यंत कापड बदलत राहा. मग प्लग काढलेला आहे याची पुन्हा खात्री करून करंगळी आत फिरवा. डोळ्यांना न दिसणारी बर, म्हणजे धातूचा बारीक उंचवटा, बोटाला लागते. लागली तर बारीक ऑइल स्टोनने फक्त तो उंचवटा घ्या. पॉलिश पेपर आत घालून गोल गोल फिरवू नका, त्याने टेपरचा आकार जातो.

एकदा आमच्या शेडमधल्या पिलर ड्रिलचा चक दर दोन दिवसांनी सुटत होता. चक बदलला, आर्बर बदलला, फरक शून्य. शेवटी टॉर्च लावून स्पिंडलमध्ये बघितलं तेव्हा वरच्या बाजूला बिडाच्या बुऱ्याचा एक दाणा दाबून बसलेला दिसला, मोहरीहून लहान. नव्या आर्बरवरही बरोबर त्याच उंचीला एक चकचकीत ठिपका उमटला होता. दाणा खरवडून काढला आणि तक्रार संपली. तेव्हापासून काढलेला आर्बर बाजूला टाकायच्या आधी मी उजेडात धरून बघतो. तो कुठे टेकत होता हे त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं.

आता चक. चावीने जबडे पूर्ण आत घ्या, चकाच्या तोंडाच्या बाहेर जराही राहू देऊ नका, नाहीतर ठोका जबड्यांवर बसेल. चक लाकडी ठोकळ्यावर तोंड खाली करून ठेवा, आर्बरचा आखूड टेपर त्यात सरळ सोडा, आणि वरून लाकडी किंवा नायलॉन मॅलेटने एक-दोन जोरकस ठोके द्या. चक आणि खांदा यांच्यात थोडी फट राहते. ती राहायलाच हवी, ती नसेल तर टेपर पूर्ण बसायच्या आधी खांदाच अडला असं समजा.

मग आर्बर स्पिंडलमध्ये हलकेच घाला आणि टँग आतल्या खाचेत उतरेपर्यंत फिरवा. उतरला की एक झटका वर. त्यानंतर टेबलावर लाकूड ठेवून, हँडलने क्विल खाली आणून चक त्यावर ताकदीने दाबा. बहुतेकदा एवढं पुरतं. मॅलेट मारायचाच तर खालून एकच ठोका.

सगळं केलं तरी चक गळून पडतो.

टेपर जुळतो का ते निळ्याने तपासा. आर्बरवर मार्किंग ब्लूचा, म्हणजे टेकण्याच्या जागा दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा, अगदी पातळ थर लावा, स्पिंडलमध्ये घालून किंचित फिरवा, काढा. निळा रंग पूर्ण लांबीवर बऱ्यापैकी सारखा पुसला गेला तर जोडी चांगली. फक्त एका टोकाला पुसला गेला तर टेपर चुकीचा आहे किंवा भोक झिजून फुगलंय.

दुसरं कारण कामाच्या पद्धतीत असतं. बिट पत्र्याच्या पलीकडे निघताना अडकतो आणि चकाला खाली ओढतो. पत्र्याखाली लाकूड ठेवा, जॉब व्हाइसमध्ये धरा, आणि शेवटचे दोन मिमी दाब कमी करा.

ड्रिल मशीनवर थोडंसं मिलिंग करून घेतलं तर?

करू नका. मिलिंगमध्ये दाब बाजूने येतो आणि टेपर हळूहळू हलवून सोडवतो. मिलिंग मशीनवर टूल वरून ड्रॉ बारने खेचून धरलेलं असतं, इथे तशी सोय नसते. फिरता चक कटरसकट निखळला तर तो कुठे जाईल सांगता येत नाही. सँडिंगचा ड्रम लावून बाजूने दाबणंही याच जातीचं.

चक आउट मारतोय. किती चालेल आणि कसा मोजायचा?

मॅग्नेटिक स्टँडवर डायल गेज (सूक्ष्म फरक काट्याने दाखवणारं मोजमाप यंत्र) लावा आणि पट्टा हाताने फिरवा. तीन ठिकाणी मोजा, वरून खाली. आधी रिकाम्या स्पिंडलच्या भोकात, मग बसवलेल्या आर्बरवर, शेवटी चकात धरलेल्या ग्राउंड डॉवेल पिनवर (अचूक घासलेल्या सरळ गोल पिनवर). बिट धरून मोजू नका, बिट स्वतःच वाकडा असू शकतो.

स्पिंडलमध्येच ०.०५ मिमी आलं तर महागडा चक आणून उपयोग नाही, दोष बेअरिंगमध्ये किंवा भोकात आहे. स्पिंडल ठीक आणि आर्बर आउट, तर आर्बर काढून, पुसून, १८० अंशात फिरवून बसवा. टँगमुळे दोनच जागा मिळतात, पण त्यांतली एक बरेचदा चांगली निघते. साध्या चावीच्या चकात पिनवर ०.१ मिमीच्या आत आलं तर सर्वसाधारण फॅब्रिकेशनला ते पुरेसं आहे. २ मिमी आणि त्याखालचे बिट वापरायचे असतील तर मात्र तेवढ्यानेही ते मोडतात, तिथे चांगल्या चकावर खर्च करा.

चावीचा घ्यावा की बिनचावीचा? १३ की १६ मिमी?

सारखे बिट बदलायचे असतील तर बिनचावीचा सोयीचा. टॅपिंग, म्हणजे भोकात चूडी पाडणं, करणार असाल तर चावीचा, कारण मशीन उलटं फिरलं की बिनचावीचा चक ढिला पडू शकतो. १६ चा मोठा म्हणून चांगला असं नाही: अनेक १६ मिमी चक ३ मिमीच्या खालचा बिट धरत नाहीत, आणि लांबी जास्त असल्याने टेबलापर्यंतची जागा खातात. घ्यायच्या आधी त्याच्या अंगावरचा 'पासून-पर्यंत' आकडा वाचा.

चक १३ चा आहे, २० मिमीचं भोक पाडायचं आहे.

चकच काढून ठेवा. टेपर शँकचा, म्हणजे मागचा दांडाच मोर्स टेपरचा असलेला, ड्रिल थेट स्पिंडलमध्ये बसतो. साधारण १४ मिमीपर्यंतचे ड्रिल एमटी १ शँकचे, त्यापुढे २३ पर्यंत एमटी २, त्यापुढे एमटी ३. स्पिंडल मोठा असेल तर मध्ये स्लीव्ह (आतून-बाहेरून टेपर असलेली नळी) घाला, तिचाही टेपर पुसून. मोर्स टेपरची खरी सोय हीच आहे. ट्विस्ट ड्रिलचे अमेरिकन संशोधक स्टीफन मोर्स यांच्या काळापासून, म्हणजे १८६० च्या दशकापासून, ही पद्धत चालत आली आहे. तीन जबड्यांचा, दातेरी चावीचा चक नंतरचा, आर्थर जेकब्ज यांचं त्यावरचं पेटंट १९०२ चं आहे.

टँग पिळलाय.

म्हणजे टेपर घसरला आणि सगळा जोर टँगवर आला. आर्बर बदला आणि स्पिंडलचं भोक ओरखड्यांसाठी तपासा. आर्बर आत गरगर फिरला असेल तर ओरखडे असणारच.

मग भोकात मोर्स रीमर (भोक आतून तासणारं टेपरचं हत्यार) मारू?

फक्त हाताने, फक्त फिनिशिंग रीमर, आणि फक्त उंचवटे जाण्यापुरता. स्पिंडल कडक केलेला असेल तर रीमर चालणारच नाही. ओरखड्याचा खड्डा नाहीसा होईपर्यंत कापत बसू नका. खड्ड्याने पकड फारशी कमी होत नाही, पकड घालवतात ते उंचवटे.

लॉकटाइट (धातूचे भाग चिकटवणारा गोंद) लावून चक कायमचा बसवला तर?

टेपर जुळत असेल तर गरज नाही, जुळत नसेल तर आउट तसाच राहतो आणि पुढच्या वेळी चक काढणं कठीण होतं. वेल्डिंगचा टाका तर स्पिंडलच निकामी करतो.

चावी चकात राहण्याची भीती वाटते.

वाटायलाच हवी. स्प्रिंगवाली चावी घ्या, हात सोडला की ती आपोआप बाहेर येते. चावी मशीनला साखळीने बांधू नका, विसरून सुरू केलं तर साखळी चकाला गुंडाळते. हातमोजे, ओढणी, लांब बाह्या, मोकळे केस, यांतलं काहीही फिरत्या चकाजवळ नको. आमच्याकडे नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगतो: चावी चकात असेल तोवर तुझा हात चावीवर, हात निघाला की चावीही निघाली.

जुना चक टाकून द्यावा का?

जबड्यांची टोकं फाकली असतील, म्हणजे पिन आत घट्ट आणि तोंडाशी ढिली धरली जात असेल, तर तो अचूक कामाला निरुपयोगी. दात झिजून चावी घसरत असेल तर आधी चावी बदलून बघा, ती मऊ असल्याने बहुधा तीच आधी झिजते. नुसताच जड फिरत असेल तर रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, जबडे उघड-बंद करत बुरा काढा, वाळवा आणि जबड्यांना पातळ तेल द्या. मागचं टेपरचं भोक मात्र कोरडं पुसूनच ठेवा.